डाव्या हाताची नक्षी

बंदुका दुरुस्त करणारा माणूस म्हटला की लोक दोनच प्रश्न विचारतात. वाघ किती मारले, आणि कधी माणसावर चालवली का? मी जन्मभर बंदुकीच्या मागच्या अंगाला उभा राहिलो आणि दुकानामागे टांगलेल्या वाळूच्या पोत्याखेरीज कशावरही बार टाकला नाही. ससासुद्धा मारला नाही. संपादकांनी ‘थरारक अनुभव’ मागितले आहेत. त्यांची थोडी निराशा होणार, पण त्याला माझा इलाज नाही.

नंदुरबारला स्टेशनाच्या रस्त्यावर वडिलांचं दुकान होतं, तेच मी पुढे चालवलं. आम्ही लोहार. तेव्हा हा मुलूख पश्चिम खानदेशात मोडत होता आणि राज्य इंग्रजांचं होतं. बंदूक बाळगायला परवाना, आणि ती उघडून बघायलाही परवाना. दुकानात आलेली प्रत्येक बंदूक वहीत लिहावी लागे: नंबर काय, मालक कोण, आली तेव्हा अंगावर खुणा कोणत्या, केलं काय. फौजदार येऊन वही बघत आणि सही करून जात. वहीपेक्षा माझ्या चहाची तपासणी ते जास्त बारकाईनं करत.

गिऱ्हाइकं एकेक नमुना होती. तापीकाठचे एक पाटील सारंगखेड्याच्या यात्रेआधी दरसाल बंदूक साफ करायला आणत. घोडा घेण्याआधी त्याच्या कानाशी बार काढायचा, बुजला नाही तरच सौदा, अशी त्यांची रीत. एका साली एक घोडा जागचा हलला नाही. पाटील खूश होऊन तो घरी घेऊन आले. आठ दिवसांनी कळलं की घोडा ठार बहिरा आहे. मग माझ्या दारात येऊन म्हणतात, “मिस्तरी, तू साफ करीसन बंदूकना आवाजच कमी करी टाका.” असल्या गोष्टी मी चार दिवस सांगू शकेन. पण जी सांगायची म्हणून लेखणी हातात घेतली ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. तिच्यातली माणसं आता कोणी उरलेली नाहीत, म्हणून सांगतो.

खांडबाऱ्याला हस्तीमलशेठ नावाचे इमारती लाकडाचे व्यापारी होते. मूळचे मारवाडातले, पण दोन पिढ्या इथे काढल्यामुळे बोलणं आमच्यासारखंच अहिराणी. विसरवाडीच्या अंगाला जंगलात त्यांची लाकडाची वखार होती. तिथे रानडुकरं, बिबटे, म्हणून त्यांनी एक जुनी विलायती दुनळी परवान्यावर घेतलेली. दिवाळीनंतर एका सकाळी ते ती घेऊन आले. बंदूक फडक्यात गुंडाळलेली, आणि फडकं त्यांनी स्वतः सोडलं नाही. मला म्हणाले, तूच सोड.

“चाप ओढा तं घोडा पडस, पन बार उडत नही,” ते म्हणाले.

मी बंदुकीचा घोडा उचलून सोडला. पडला, पण मेल्यासारखा पडला. आतली कमान गेली होती. कमान म्हणजे पोलादाची स्प्रिंग, घोड्याला जोर देते ती. कमान तुटते हे मी हजारदा पाहिलं होतं, पण ही तुटलेली नव्हती, मऊ पडली होती. पोलादाला पाणी दिलेलं असतं, त्यानं ते कडक राहतं. विस्तवात घातलं की पाणी उतरतं. ही बंदूक कोणीतरी विस्तवात घातली होती.

मग मी बाजूची पट्टी पाहिली. घोड्याखाली दोन्ही अंगांना लोखंडाची एकेक पट्टी असते, तिच्यामागे सगळी कळ बसवलेली असते. डाव्या पट्टीवर नक्षी होती. वेली, वेलींत पाखरं, नखाएवढी, पण प्रत्येकाचं पीस न् पीस मोजून घ्यावं.

“शेठ, नक्षी कोनाकडतीन करी लिन्ही?”

“म्या करी नही,” शेठ म्हणाले. “कोनीच करी नही.”

वही काढली. दोन वर्षांपूर्वी हीच बंदूक माझ्याकडे आली होती. नंबर तोच. माझ्याच अक्षरात: दोन्ही पट्ट्या कोऱ्या, बिननक्षी.

शेठनी जे सांगितलं ते असं. बंदूक वखारीच्या मागच्या खोलीत पेटीत असे, पेटीला कुलूप, किल्ली त्यांच्या करगोट्याला. ते आठवड्यातून एकदा वखारीवर जात आणि दुपारी पुढच्या पडवीत आडवे होत. मागच्या खोलीतून टकटक असा बारीक आवाज येई. उठून बघावं तर कोणी नाही, कुलूप जसंच्या तसं. एकदा पेटी उघडून बंदुकीला हात लावला तर लोखंड गरम. लाकूडतोडे दुपारी त्या बाजूला फिरकेनासे झाले होते. तिथे कोणी सोनार मेलेला आहे, त्याचं भूत काम करतं, असं ते म्हणत.

“सोनारच काब्र? लोहार का नही?” मी विचारलं.

“हातोडी सोनारनी वाजस, लोहारनी नही. लोहारनी वाजती तं बठ्ठं जंगल जागं व्हतं,” शेठ म्हणाले.

मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही, कारण तोवर मी पट्टी खिडकीशी नेली होती.

इथे थोडं धंद्याचं सांगतो. कलमानं, म्हणजे कोरायच्या अणकुचीदार पोलादी सळईनं, धातू कापला की चरी पडते. चरीला दोन भिंती. उजव्या हातानं काम करणारा कलम एका अंगाला किंचित झुकवून धरतो, त्यामुळे एक भिंत उभी राहते आणि दुसरी कलती. डावखुऱ्याची उलट. नुसत्या डोळ्यांना दोन्ही नक्ष्या सारख्याच. पण पट्टी उजेडाशी धरून हळूहळू फिरवली की जिथे उजव्याच्या रेषा चमकतात, तिथे डाव्याच्या काळ्या पडतात. दहा बंदुका फिरवून बघा, दहाही चमकतील. ही काळी पडली. आणि प्रत्येक पाखराच्या चोचीपुढे तीन बारीक ठिपके होते.

ते ठिपके नव्हते, दाणे होते. हे मला ठाऊक होतं, कारण ते पहिल्यांदा काढले गेले तेव्हा मी शेजारी बसलो होतो. रघू सोनार, माझ्या दुकानाला लागून त्याचं दुकान. डावखुरा. आमच्या पंचक्रोशीत कलम धरणारा डावखुरा तो एकटाच. कोणाला बंदुकीवर नाव किंवा फूल हवं असलं की मी पट्टी सुटी करून, तिचं पाणी उतरवून त्याच्याकडे देत असे. तो म्हणायचा, पाखरू काढलं तर त्याला दाणा नको का टाकायला? आणि हा माणूस अकरा वर्षांपूर्वी चैत्रात एका पहाटे घरातून निघून गेला होता. हत्यारांची थैली तेवढी नेली. विहिरी धुंडाळल्या, तापीचे डोह पाहिले, काही लागलं नाही.

मऊ पडलेली कमान बघून माझी उरलीसुरली शंका फिटली. सोनार चांदी कोरण्याआधी तापवून मऊ करतो, तशी त्यानं ही पट्टी तापवली होती, पण कमानीसकट. मी त्याला नेहमी नुसती पट्टी द्यायचो, मागे कमान असते आणि ती आधी काढून ठेवायची असते हे कधी सांगितलंच नव्हतं. लोहार ही चूक करणार नाही आणि दुसऱ्या सोनाराच्या हाती बंदूक येणार नाही. ही चूक फक्त रघूच करू शकत होता.

पण कोणता रघू? जिवंत का मेलेला? नक्षी मागच्या दोन वर्षांतली आणि माणूस जाऊन अकरा वर्षं झालेली. खरं सांगतो, त्या क्षणी मला शेठचं भूत पटलं होतं. पट्टी मी फडक्यावर ठेवून दिली.

रघूच्या घरी तेव्हा काय चाललं होतं ते सांगायला हवं. बारा वर्षं माणसाचा ठावठिकाणा लागला नाही तर आपल्यात त्याला मेला समजतात. पळसाच्या पानांचा पुतळा करतात, डोक्याच्या जागी नारळ ठेवतात आणि त्याला अग्नी देतात. त्या घडीपर्यंत बायको सवाष्ण, त्यानंतर विधवा. येत्या चैत्रात बारा वर्षं भरत होती. रघूचा धाकटा भाऊ नथू दुकान चालवत होता. त्याच्या मुलीचं लग्न जमलं होतं, पण घरातला थोरला असा अधांतरी असताना मांडव घालायचा नाही असं सोयऱ्यांचं म्हणणं. पळसाला पानं आली की वैशाखात पुतळा आणि जेठात लग्न, असं ठरलं होतं. आणि जिवंत माणसाचा पुतळा जाळला तर त्याचं आयुष्य तुटतं असंही आमच्याकडे म्हणतात.

मी पोटात ठेवायला हवं होतं. नाही ठेवलं. सरूवहिनींना, म्हणजे रघूच्या बायकोला, दुकानात बोलावून पट्टी दाखवली. नथूही आला. वहिनींनी पट्टी डोळ्यांशी नेलीच नाही. अंगठा तेवढा तिच्यावरून फिरवला, वेलीवरून पाखरावर, पाखरावरून दाण्यांवर, आणि पट्टी परत दिली.

“भाऊ, तुम्ही पक्कं करीसन सांगा,” त्या म्हणाल्या. “तुम्ही म्हनशात तेच आम्ही मानसूत.”

नथूनं मान हलवली. म्हणजे एका बाईचं कुंकू, एका मुलीचं लग्न आणि एका माणसाचं जगणं-मरणं, सगळं आणून माझ्या जिभेवर ठेवलं. मी लोहार. मला असल्या कामाचा परवाना कोणी दिला नव्हता.

नवी कमान बसवून बंदूक परत पाठवली. माघात शेठ पुन्हा हजर. या वेळी उजवी पट्टीही कोरलेली, आणि तिच्या मागचीही कमान मऊ. पण नक्षी बघून मी पट्टी पुन्हा खिडकीशी नेली. हात तोच, चरी तशाच काळ्या पडत होत्या, पण वेल जागोजाग सुटलेली. कलम घसरल्याच्या लांब रेघा. पाखरांना पंख दोन नाहीत, कुठे दीड, कुठे तीन. आणि चरींत काळं काहीतरी वाळून बसलेलं. तेल असेल म्हणून कोमट पाण्यात पट्टी घातली. पाणी तांबूस झालं.

कलम घसरलं की ते पट्टी धरलेल्या हाताच्या अंगठ्यात घुसतं, हे प्रत्येक कारागिराला माहीत आहे. माणूस ओरडतो, बोट तोंडात घालतो, दोन दिवस काम बंद ठेवतो. रघूलाही मी तसं करताना पाहिलं होतं. इथे घसरलेली रेघ होती, रेघेत रक्त होतं, आणि त्याच रक्तावरून पुढची रेघ न थांबता गेलेली होती. एकदा नव्हे, सात ठिकाणी. ज्यानं हे कोरलं त्याला काही लागतच नव्हतं.

“मी सांगं ना तुले,” शेठ हलक्या आवाजात म्हणाले. “जेले दुखत नही तो मानूस नही.”

फाल्गुनात मी शेठबरोबर निघालो. दुरुस्त केलेली बंदूक माझ्याकडे. खांडबाऱ्याला गाडीतून उतरलो, पुढे छकडा. वाटेनं पळस फुललेला, सगळं रान लाल, आणि झाडांवर पान एकही नाही. पानं फुटली की रघू जळणार, हे माझ्या मनातून काही जाईना. वखारीवर सुपड्या नावाचा राखणदार होता, तिथल्याच पाड्यावरचा, बोलायला एकदम कमी. बंदूक मागच्या खोलीत पेटीत ठेवली, शेठनी कुलूप घातलं. आम्ही भाकरी खाल्ली. ऊन डोक्यावर आलं तसे शेठ जपमाळ काढून लांब मोहाच्या झाडाखाली जाऊन बसले. मी पडवीत एकटा. पाखरांचा आवाज थांबला. वारा नाही. सागाच्या ओंडक्यांमधून उन्हाची वाफ निघत होती.

टक. मग थोडं थांबून, टक, टक.

भिंतीपलीकडून येत होता, माझ्यापासून चार हातांवर. मी देवाचं नाव घेतलं, हे लपवत नाही. पण त्या ठोक्यांना एक चाल होती. दोन हलके, एक जड. शेजारच्या दुकानातून ती चाल मी वर्षानुवर्षं ऐकली होती. भीती वाटत होती ती त्यामुळे वाढली का कमी झाली, मला आजही सांगता येणार नाही. वखारीला वळसा घालून मी मागच्या बाजूला गेलो. मागच्या खिडकीची झडप उघडी होती, आणि आत उजेडाकडे पाठ करून कोणी बसलं होतं.

“मिस्तरी,” तो मागे न वळता म्हणाला, “कमान मन्हामुये गई का रे?”

आवाज रघूचा होता. तोंडातून निघालं ते मात्र धंद्याचंच. “बठ्ठं तापाडी टाकं तू. कमान पहिले काढीसन ठेवनी पडस.”

“तू कधय सांगं व्हतं का माले?”

“नही.”

“मंग?”

आणि आम्ही दोघं जुन्यासारखे भांडणार, एवढ्यात तो वळला. चेहरा सुजून जाड झालेला, भुवया झडलेल्या. उजव्या हाताची बोटं जवळजवळ गेलेली, मनगटाला हातोडी बांधलेली. डाव्याची आखडलेली, आणि कलम त्या हाताला चिंधीनं बांधलेलं. रगतपिती, म्हणजे महारोग. आता त्याच्यावर गोळ्या निघाल्यात, माणसं बरी होतात. तेव्हा एकच औषध होतं, गाव सोडणं.

“तुले कसं कयनं मी उनू ते?” मी विचारलं.

“तुन्हा अंगले बंदूकना तेलना वास येस. नाक शे अजून,” तो म्हणाला.

मग त्यानं सगळं सांगितलं. “एक दिन शेगडीमा मूस धरीसन बसेल व्हतू. जयाना वास उना. इकडे तिकडे दखं, तं मन्हंच बोट जयी ऱ्हायंतं. माले पत्ता नही. मंग मी समजी गयू.” त्यानं आखडलेला हात मांडीवर ठेवला. “सोनारना हातले असा रोग, गावले कयतं तं त्या घरना मनी कोन गयामा घालतं? नथूनं दुकान बुडतं. पोरीसले कोन करतं? म्हनीसन निंघी उनू.”

सुपड्यानं त्याला नाल्यापलीकडे झोपडी घालून दिली होती. तोच त्याला खायला देई आणि तोच दुपारी खिडकीची झडप उघडी ठेवी. पेटीचं कुलूप म्हणजे सोनाराला काय! लाकूडतोड्यांच्यात भूत सुपड्यानंच सोडलं होतं, म्हणजे कोणी जवळ येऊ नये. शेठना यातलं काही माहीत नव्हतं.

“पन बंदूक काब्र कोरी?”

“बारा वरीस हात रिकामा. बोटे आखडाले लागनात, तवय सुपड्या एक दिन हाई बंदूक पुसी ऱ्हायंता, ती दखनी. कोरी पट्टी.” तो त्या पट्टीकडेच बघत होता. “वाटे, कधय तरी तुन्हा हातमा जाई. तू वळखशी म्हनीसन भेव बी वाटे. नही वळखशी, त्यानं बी भेव वाटे.”

सुपड्या भाकरी आणि मिरचीचा ठेचा घेऊन आला. त्यानं खाली बसून घास मोडला आणि रघूच्या तोंडात दिला. मग दुसरा. रघूला घास उचलता येत नव्हता. मी दुसरीकडे बघत राहिलो. ज्याच्या हातानं नखाएवढ्या पाखराचं पीस काढलं, त्याला घास धरता येऊ नये, याचा मला देवावर इतका राग आला की अजून गेलेला नाही.

“वैशाखमा तुन्हा पुतया जायतीन, अग्नी देतीन,” मी म्हणालो.

“जायू दे.”

“सरूवहिनी कुंकू पुसी.”

त्यानं पुढचा घास मानेनंच नाकारला. मग म्हणाला, “तिले सांग, हाई काम दुसरा कोनं शे. तू सांगशी तं ती मानी लेई. बंदूकवरनं तुले कयस, तिले काय कयस?”

मी शब्द दिला. का दिला, असं मी स्वतःला नंतर फार वेळा विचारलं. नथूच्या पोरीसाठी? त्याच्यासाठी? का मला तिथून लवकर निघायचं होतं म्हणून? तिन्ही खरं असेल.

परत येताना शेठनी विचारलं, भूत दिसलं का? मी म्हणालो, दिसलं, आणि त्याच्या वाटेला जाऊ नका. तेवढं तरी त्याच्यासाठी केलं. बंदूक मी बरोबर परत आणली नाही, तिथेच राहू दिली.

नंदुरबारला आल्यावर सोनारांच्या ओट्यावर नथू आणि वहिनी दोघांसमोर मी सांगितलं, “हात रघूना नही. वळन तसंच शे, पन दुसरा कोनी शे. सुरतकडना व्हई.” जन्मभर कोणाची बंदूक, कोणाचं काम हे सांगताना मी कधी खोटं बोललो नव्हतो. नथूनं सुस्कारा सोडला. वहिनी माझ्याकडे बघत होत्या. मग आत गेल्या.

वैशाखात पळसाला कोवळी पानं आली. पुतळा केला तेव्हा मी होतो. पानांचे हात करताना गुरुजींनी बोटंसुद्धा काढली, देठांची, पाच आणि पाच. मी ती मोजली. अग्नी दिल्यावर ओली पानं जळेनात, नुसता धूर झाला, आणि कोणीतरी म्हणालं, जीव अडकलाय. मला तिथे उभं राहवेना. त्या संध्याकाळी वहिनींच्या बांगड्या फुटल्याचा आवाज भिंतीपलीकडून माझ्या दुकानात आला.

जेठात लग्न झालं. मुलगी सासरी गेली. त्यानंतर आठ-दहा दिवसांनी दुपारी वहिनी दुकानात आल्या. कपाळ मोकळं, हात मोकळे, काखेत एक गाठोडं. मला वाटलं, निरोप घ्यायला आल्या. त्या तीर्थाला निघाल्याचं नथू बोलला होता.

“भाऊ, टेसननं नाव तेवढं सांगा,” त्या म्हणाल्या.

“कोनतं टेसन, वहिनी?”

“फागुनमा तुम्ही कोठे उतरनात ते.”

मी कानशीनं काहीतरी घासत होतो, तसाच घासत राहिलो. “वहिनी, मी सांगं ना, ते काम...”

“ते काम कोनं शे ते मन्हा अंगठाले पहिल्याच दिन समजनं. आनि तुम्ही ओटावर खोटं बोलनात, ते बी समजनं. त्यासनीच तुमले बोलाले लावं व्हई, म्हनीसन मी चूप बसनी.” त्यांचा आवाज अगदी रोजचा होता. “त्यासनं बोट जयनं, ते मी पानी टाकीसन इझाडं व्हतं, भाऊ. त्यास्ले वाटनं, रोग माले समजनाच नही.”

“मंग पुतया काब्र जायू दिन्हा? कुंकू काब्र पुसू दिन्हं?”

“पोरीनं लगीन व्हनं व्हतं. आनि सवासनले घरतीन एकलीले कोन जाऊ देस? धनी परत येई, घर धर, म्हनतस. बारा वरीस धरं.” त्यांनी गाठोडं दुसऱ्या काखेत घेतलं. “रांडेल बाई तीरथले निंघनी, तं कोठे चालनी म्हनीसन कोनी इचारत नही.”

मी कानस खाली ठेवली. मी स्टेशनचं नाव सांगितलं. सुपड्याचं नाव सांगितलं. नाल्यापलीकडे, एवढंही सांगितलं. त्या म्हणाल्या, पानी पी ल्या, आणि निघाल्या. गाडीला अजून वेळ होता, तरी भराभर चालल्या.

सरूबाई तीर्थाला गेल्या त्या परत आल्या नाहीत. काशीला देह ठेवला असेल, भाग्याची बाई, असं लोक म्हणाले. नथूनं त्यांच्याही नावानं पान वाढायला सुरुवात केली. मी ऐकून घेत असे.

पावसाळा संपल्यावर हस्तीमलशेठ पुन्हा बंदूक घेऊन आले. पट्ट्या मी आधी बघितल्या. नवी रेघ एकही नव्हती. नळीत गंज धरला होता, एवढंच.

“टकटक बंद व्हई गई ना?” मी विचारलं.

“टकटक बंद. पन आते भूत एकलं नही, मिस्तरी,” शेठ खुर्ची पुढे ओढून म्हणाले. “भर दुपारी मी मन्हा डोयाखाल दखं. नालानापलीकडे एक बाई बसेल. कपायले हाई एवढं कुंकू, हातभर हिरव्या बांगड्या. मी तं तठेच थिजी गयू.”

मी वहीत नंबर लिहीत होतो. मान वर न करता विचारलं, “काय करी ऱ्हायंती?”

“करी काय!” शेठ म्हणाले. “भूतले घास भरवी ऱ्हायंती.”